रिकाम्या गल्लीचा फोटो

१

रविवारी सकाळी बाकीचे नवरे पिशवी घेऊन भाजीला जात, तेव्हा दिलीप तिपाई खांद्यावर टाकून गाव पुसायला निघे. हे शब्द वंदनाचे. "निघाले आमचे साहेब, गाव पुसायला," असं ती शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणे, आणि दिलीपला ते मनातून आवडे.

आठवडाभर तो सुरतेच्या रिंग रोडवरच्या एका बँकेत बसून चेकवरच्या सह्या नमुन्याच्या सह्यांशी ताडून बघायचा. कुठे वेलांटी वळली, कुठे हात थरथरला, हे बघण्यात त्याचे डोळे मुरलेले होते. रशियन बनावटीचा एक जुना कॅमेरा त्याने मित्राकडून घेतला होता आणि त्याच्याशी नाना खेळ करून बघणं हा त्याचा एकुलता एक छंद. दारू नाही, पत्ते नाहीत. त्यामुळे वंदनाची तक्रार नव्हती. मोरीत फिल्म धुवायच्या औषधाचा वास राहतो, एवढीच काय ती कुरकुर.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्याला नवा खेळ सापडला. उधन्याच्या निंबा वेल्डरकडून त्याने डोळ्यांपुढे धरायची काळी काच मागून आणली आणि चिकटपट्टीने भिंगावर बसवली. त्या काचेतून भर दुपारचं ऊनसुद्धा थेंबाथेंबानेच आत यायचं. मग शटर चांगलं दोन-तीन मिनिटं उघडं ठेवावं लागे. तेवढ्या वेळात जे हललं ते फिल्मवर उमटायच्या आत पुढे निघून गेलेलं असे. जागचं हललं नाही तेवढंच उरे. चौक बाजारात भर गर्दीत फोटो काढावा आणि कागदावर यावीत नुसती दुकानं, खांब, किल्ल्याची भिंत आणि ऊन. माणूस औषधालाही नाही.

फोटो छापून देणारा स्टुडिओवाला भाईदास पहिल्यांदा बघून चक्रावलाच. "अरे दिलीपभाई, आखुं सुरत क्यां गयुं?"

"सगळे तिथेच आहेत," दिलीप म्हणाला. त्याची मान जरा ताठ झाली होती. "फक्त कुणी थांबलं नाही."

२

चौऱ्याण्णवच्या गणपतीत, पावसाने उसंत दिलेल्या एका रविवारी, त्याने ठरवलं की आज लांब जायचं नाही. आपलीच गल्ली पुसायची.

डिंडोलीतली ती गल्ली म्हणजे समोरासमोर भिंतीला भिंत लावून उभी बारकी घरं. मधे सिमेंटचा रस्ता, प्रत्येक घराला एक पायरी आणि एक लोखंडी फाटक. पलीकडच्या नवागामातून कापडाच्या लूमच्या साच्यांचा खडखडाट दिवसरात्र यायचा. इतका की तो कुणाला ऐकूच येत नसे. त्या सकाळी गल्लीत नुसती धांदल होती. समोरचा पांडुरंग स्कूटर धूत होता, बायका आरतीची ताटं घेऊन ये-जा करत होत्या, आणि अमृता फाटकासमोर दोरीवरच्या उड्या मारत होती. अमृता म्हणजे दिलीपची पोरगी. दुसरीतली. त्या दिवशी तिने पिवळा फ्रॉक घातला होता आणि दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी होत्या.

दिलीपने गल्लीच्या तोंडाशी तिपाई उभी केली.

"बाबा, मी बाजूला होऊ?"

"छे. तू उड्या मारत राहा. थांबू नकोस. उड्या मारत राहिलीस तर फोटोत दिसणारच नाहीस."

अमृताने दोरी पायाशी टेकवून विचार केला. "मग मी कुठे जाईन?"

"कुठे नाही. फोटोतून गायब, बस्स."

घरातून वंदना बाहेर आली. दार सताड उघडं होतं, आत कुकर शिट्टीला आला होता. "अहो, पोरांशी असलं काही बोलू नये," ती म्हणाली. "अक्कांनी ऐकलं असतं तर तुम्हाला फाडून खाल्लं असतं."

अक्का म्हणजे दिलीपची मोठी बहीण सरस्वती, नंदुरबारची. तिचा एक नेम होता. मुलाला घेऊन कुठल्याही जागेवरून निघायचं तर अगदी शेवटी मागे वळायचं आणि मुलाला नावाने मोठ्याने हाक मारायची. पोर कडेवर असलं तरीही. "चाल वं माय, मांगे ऱ्हाऊ नको." अंग पुढे निघतं आणि पोराचा जीव खेळात मागे रेंगाळतो, त्याला सांगावं लागतं, असं तिचं म्हणणं. दिलीप हसायचा. पण वंदना न विसरता हाक मारायची. सिनेमा थिएटरातून निघतानासुद्धा.

दिलीपने शटर उघडलं. दोरीचा सिमेंटवर सट्-सट्-सट् असा एकसारखा आवाज येत होता. शटर बंद होईपर्यंत तो एकदाही चुकला नाही. दिलीपला ते नीट आठवत होतं, कारण मनातल्या मनात तो त्याच तालावर वेळ मोजत होता.

३

फिल्म धुऊन, भाईदासकडून फोटो छापून येईपर्यंत विसर्जन होऊन गेलं होतं.

"मस्त आव्यो छे," भाईदास म्हणाला. "पण बेबी उभी राहिली वाटतं."

गल्ली साफ रिकामी होती. पांडुरंग नाही, ताटं नाहीत, स्कूटर तेवढी कडेला उभी. आणि आपल्या फाटकाशी अमृता. दोन्ही पाय जमिनीवर, दोरी हातातून खाली लोंबलेली, नजर सरळ कॅमेऱ्यात. रिबिनीची गाठसुद्धा स्वच्छ दिसत होती.

दिलीप बँकेतला माणूस, तेव्हा आधी त्याने कारणं शोधली. पोर दमली असेल, मधे थांबली असेल. पण मग थोडी तरी पुसट यायला हवी होती. जुना कॅमेरा आहे, एका चौकटीवर दोन फोटो पडले असतील. त्याने निगेटिव्ह दिव्यावर धरून पाहिली. एकच होता. मग त्याने बँकेतलं बहिर्गोल भिंग घरी आणलं आणि घराचं दार पाहिलं.

दार बंद होतं. कडीला कुलूप होतं.

त्या सकाळी दार सताड उघडं होतं. आत कुकर होता, उदबत्ती होती, वंदना आत-बाहेर करत होती. त्याने भिंग खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. पितळी कुलूप, जरा डावीकडे कललेलं.

"अमू, त्या दिवशी तू मधे थांबली होतीस?"

"नाही. तुम्हीच म्हणालात ना थांबू नको."

"थोडंसं? कॅमेऱ्याकडे बघायला?"

"नाही हो बाबा," अमृता वैतागून म्हणाली, आणि दोरी घेऊन बाहेर पळाली. लगेच सट्-सट् सुरू झालं. दिलीपला वाटलं, या आवाजाने आपल्याला बरं वाटायला हवं. ते वाटेना. त्याने फोटो पाकिटात घालून कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. वंदनाला दाखवला नाही.

४

त्याच आठवड्यात सुरतेत प्लेगची बातमी पसरली.

आधी शहरातल्या वेड रोड भागातून कुजबुज आली, मग तोंडाला रुमाल बांधलेली माणसं दिसायला लागली, मग औषधाच्या दुकानांसमोर रांगा, आणि मग एका दिवसात सगळं शहर स्टेशनच्या दिशेने ओतलं. पांडुरंगने डोक्यावर स्टोव्ह आणि पोत्यात भांडी घेतली. "साहेब, निघा," तो रुमालाआडून म्हणाला. "कोणी थांबून नाही राह्यलं इथं."

दिलीपला ते वाक्य टोचलं. पण टोचण्याकडे बघायला वेळ नव्हता. अमृताचं अंग सकाळपासून कढत होतं. साधा ताप होता की काय, कोण सांगणार? दवाखाने बंद. वंदनाचा चेहरा पांढरा पडला होता. दुपारी अमृता झोपली तेव्हा दोघांनी एक बॅग भरली, आणि दिलीपने कॅमेरा, काच आणि ते पाकीट त्यात कोंबलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

त्याने झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेतलं. वंदनाने दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं. पितळी कुलूप जरा डावीकडे कललं.

गल्ली रिकामी होती. पांडुरंगची स्कूटर कडेला उभी. आणि तेव्हा दिलीपच्या लक्षात आलं की काहीतरी फार मोठं नाहीसं झालंय. साचे बंद होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवागामाकडून कसलाही आवाज येत नव्हता.

त्याने फाटकाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. कसं असणार? पोर त्याच्या खांद्यावर होती. तिचा गरम श्वास त्याच्या मानेला लागत होता.

"थांबा," गल्लीच्या तोंडाशी वंदना म्हणाली. "हाक मारायची राहिली."

"वेडी आहेस का? मोठ्याने ओरडलीस तर उठेल ती. मग स्टेशनापर्यंत रडेल."

"अहो, पण…"

"गाडी चुकेल, वंदना!"

वंदना क्षणभर मागे बघत राहिली. मग तिने बॅग उचलली.

५

नंदुरबारला अक्काने दार उघडलं, अमृताच्या कपाळावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला. "निंघताना पोरले हाक मारी ना रे?"

वंदनाने खाली पाहिलं.

"मारली," दिलीप म्हणाला.

अमृताचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. तो नुसता पडशाचा होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं तेव्हा वंदना दवाखान्यातच रडली. दिलीपलाही हायसं वाटलं. सुटलो, तो मनात म्हणाला. त्या फोटोची काय ती भीती होती ती हीच असणार, आणि ती टळली.

पण पोर शहाणी झाली होती. ताटात वाढलेलं सगळं खायची. बस म्हटलं की बसायची, आणि ऊठ म्हणेपर्यंत बसलेली असायची. पूर्वी तिला एका जागी बसवायचं म्हणजे अक्काला गोष्टी सांगाव्या लागत. आता अक्काच मधेमधे म्हणे, "जा वं, जरा खेळी ये." ती अंगणात जायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची.

अक्काने शेजारून दोरी आणून दिली. अमृताने ती हातात घेतली, दोन्ही टोकं नीट जुळवून घडी केली आणि परत दिली. "माझी दोरी तिकडे आहे," ती म्हणाली.

"जाऊ दे," वंदना म्हणाली. "एवढं बघितलंय पोरीने, सुधरायला वेळ लागेल." तिचं म्हणणं रास्त होतं. दिलीपने ते दिवसभर स्वतःला ऐकवलं. मग त्याने बॅगेतून कॅमेरा काढला.

"अक्का, चला, सगळ्यांचा एक फोटो काढू."

अंगणात खाटेवर अक्का बसली, मांडीवर अमृता, शेजारी वंदना. दिलीपने काळी काच बसवली. "हलायचं नाही हं कुणी. खूप वेळ लागेल." आपल्याकडची माणसं फोटोला बसली की आपोआप पुतळे होतात, त्यात अक्का तर जुन्या वळणाची, तिने पोरीभोवती दोन्ही हात घट्ट गुंफले आणि श्वाससुद्धा बेताने घेतला. दिलीप शटर उघडं ठेवून एकट्या अमृताकडे बघत होता. एखादी चुळबूळ, एखादी जांभई, काहीतरी व्हावं म्हणून तो बघत होता.

तिने पापणीदेखील लववली नाही.

६

बाजारातल्या स्टुडिओवाल्याने फोटो पाकिटात घालून दिला. दिलीपने तो रस्त्यातच, रसवंतीच्या बंद दुकानासमोर उभं राहून बघितला.

खाटेचा पाय न् पाय आला होता. वंदना आली होती, कपाळावरच्या टिकलीसकट. अक्का आली होती. तिच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफलेली होती आणि त्या हातांच्या कड्यात कुणी नव्हतं. मांडीवर लुगड्याच्या निऱ्या सरळ, जराही न चुरगळलेल्या.

त्याने कारणं शोधली. बराच वेळ शोधली. शेवटी तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. माझी पोरगी, तो मनात म्हणाला. माझी पोरगी मी कुठे ठेवून आलो?

घरी आला तेव्हा अमृता अंगणात भिंतीला टेकून उभी होती. पाकीट अजून त्याच्या खिशात होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी हलले नव्हते."

तो तसाच आत गेला. अक्का चुलीशी होती. त्याने फोटो तिच्यापुढे धरला. अक्काने तो पदराने पुसून पाहिला, पुन्हा पुसला. मग तिने दाराबाहेर बघितलं आणि आवाज खाली आणला.

"हाक नही मारी ना तुनी?"

दिलीपने मान हलवली. त्याला रडू फुटलं. अक्काने त्याला जवळ घेतलं नाही, रागावलीही नाही. "जाय," एवढंच म्हणाली. "दिवस शे तवलोंग हाक मारी ये. वंदनाले काही सांगू नको."

७

दुसऱ्या पहाटे सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरच्या डब्यात तो जवळजवळ एकटा होता. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या टपावरसुद्धा माणसं होती.

डिंडोलीत ऊन रणरणत होतं. रस्त्यावर कुणी पांढरी पावडर मारून गेलं होतं आणि तिच्यावर कुत्र्याच्या पावलांखेरीज काही नव्हतं. साचे बंदच. आपल्या चपलांचा आवाज त्याला नकोसा झाला. गल्लीच्या वळणाला तो पोहोचला आणि तिथेच थांबला.

सट्. सट्. सट्.

एकसारखा, न चुकणारा. दिलीपने वळणाच्या भिंतीला हात टेकला. कुणाचं तरी पोर मागे राहिलं असेल, त्याची बुद्धी म्हणाली. एखादं मोकळं सुटलेलं दार असेल, वाऱ्याने आपटत असेल. वारा नव्हता.

त्याने वळण घेतलं आणि आवाज थांबला.

हुबेहूब तोच फोटो. स्कूटर कडेला. सगळ्या दारांना कुलपं. आपल्या दाराचं पितळी कुलूप डावीकडे कललेलं. फाटकाशी कुणी नव्हतं. पायरीवर दोरी पडली होती. निघताना ती आत खुंटीवर होती का बाहेर, हे त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. पण तिचं एक टोक अजून हलत होतं.

गल्लीच्या तोंडाशी, जिथे तिपाई लावली होती त्याच जागी, दिलीप उभा राहिला. एवढा शिकलेला माणूस रिकाम्या गल्लीत उभा राहून हाका मारतोय, हे कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असा एक मूर्ख विचार त्या क्षणीही त्याच्या मनात येऊन गेला. मग त्याने डोळे मिटले.

"अमृता! चल गं बाळा. घरी चल. मागे राहू नकोस!"

हाक भिंतींवरून फिरून आली. काही झालं नाही. कितीतरी वेळ काही झालं नाही. मग सिमेंटवर अनवाणी पावलं वाजली, आणि त्याच्या लोंबणाऱ्या हातात एक लहानसा, घामेजलेला हात आला.

दिलीपने खाली बघितलं नाही. खाली बघितलं तर काय दिसेल आणि काय दिसणार नाही, यातलं कुठलं जास्त वाईट, हे त्याला ठरवता येईना. तो वळला आणि चालू लागला. हात बरोबर चालू लागला. त्याची पावलं मोठी पडली की मागे ओढला जाई, मग पळत येऊन गाठी. अमृता अशीच चालायची. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

स्टेशनच्या खिडकीवर त्याच्या तोंडून आपोआप गेलं, "नंदुरबार. एक फुल, एक हाफ." खिडकीतल्या बाबूने मान उंच करून खाली पाहिलं. मग दोन्ही तिकिटं सरकवली.

गर्दीत उभ्याने प्रवास झाला. कुणीतरी त्याला धक्का दिला, कुणीतरी त्याच्या पायावर पाय दिला, पण त्याच्या शेजारी हातभर जागा रिकामीच राहिली. त्याने सबंध वाटभर खिडकीबाहेर पाहिलं. हात सुटला नाही. उलट जरा गार झाला, नेहमीसारखा झाला, आणि दिलीपला पहिल्यांदा धीर आला. आता घरी जाऊ, तो म्हणत होता. आता सगळं जागच्या जागी येईल. अंगणात पोचलो की ही जाऊन तिच्यात मिसळेल, किंवा काय होतं ते होईल. अक्काला माहीत असेल.

उन्हं उतरताना तो अक्काच्या अंगणाशी पोचला. चुलीचा धूर दिसत होता. आतून वंदनाच्या बांगड्यांचा आवाज आला. एकाएकी आतून कोणीतरी धावत सुटलं, किती दिवसांनी, अगदी पूर्वीसारखं धडाधडा पाय आपटत, आणि अमृता दारात आली. तिचे केस विस्कटलेले होते, तोंडाला गूळ लागला होता.

"बाबा आले! आई, बाबा आले!"

दिलीप तिथेच थिजला. त्याच्या मुठीतली बोटं तशीच होती.

अमृता पायरी उतरून दोन पावलं पुढे आली आणि थांबली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या शेजारी, जरा खाली, आपल्याच उंचीवर बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी तर दुपारीच आले. हिला कशाला आणलंत?"

त्याच्या हातातली बोटं घट्ट आवळली.